वर्गणी सरकारने भरली, मग वाचकाने पैसे का द्यावेत?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून सध्या उसावरील हुमणी किडीविषयी वाचन करीत आहे. एका भारतीय संस्थेतील शोधनिबंध उघडायला गेलो, तर परदेशी प्रकाशकाने साडेतीन हजार रुपये मागितले. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे संशोधन सर्वांना खुले झाले ना? – एक वाचक, कराड

उत्तर : योजनेच्या नावातच ‘नेशन’ असल्यामुळे तुमचा असा समज होणे साहजिक आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या या योजनेत तीन वर्षांसाठी सुमारे 6,000 कोटी रुपयांची तरतूद असून, 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना वाचायला मिळतात. जी वर्गणी पूर्वी ग्रंथालये आपापल्या ऐपतीप्रमाणे भरत, ती आता सरकार एकत्रित भरते. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयाला याचा मोठा लाभ आहे, हे मान्यच करायला हवे. परंतु ही शेवटी वर्गणीच आहे, आणि जो अशा संस्थेत शिकत, शिकवत किंवा संशोधन करत नाही, त्याच्यासाठी दार पूर्वीसारखेच बंद आहे.

ज्याला ओपन अ‍ॅक्सेस म्हणतात, ते धोरण वेगळे आणि जुने आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने 2013 मध्ये, तर केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर 2014 मध्ये ते स्वीकारले. सरकारी अनुदानातून झालेल्या संशोधनाच्या निबंधाची स्वीकृत प्रत, म्हणजे प्रकाशकाने छापायला स्वीकारलेला मसुदा, लेखकाने खुल्या संग्रहात ठेवावी आणि प्रकाशकाने घातलेली मुदत संपली की ती कोणालाही विनामूल्य वाचता यावी, असा त्याचा आशय आहे. नियम चांगला असला, तरी तो न पाळणाऱ्याचे फारसे काही बिघडत नाही, आणि माझ्या मते खरे दुखणे तिथेच आहे. करदात्याने संशोधनाला पैसे दिले, वर्गणीलाही दिले, आणि तरीही वाचण्यासाठी त्याने पुन्हा खिशात हात घालायचा, हा व्यवहार मला पटत नाही.

तुमचा विषय शेतीचा असल्याने आधी ‘कृषिकोश’ हा ऑनलाइन संग्रह पाहावा. कृषी विद्यापीठांचे अनेक प्रबंध तिथे आहेत. इतर विद्यापीठांचे प्रबंध, त्यांतले काही मराठीतलेही, ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहात सापडतात. हवा तो निबंध तरीही मिळाला नाही, तर त्याच्या पहिल्या पानावर लेखकाचा ई-मेल बहुधा दिलेला असतो आणि ते पान पैसे न भरताही पुष्कळदा दिसते. त्यावर दोन ओळी लिहून प्रत मागावी. संशोधक ती सहसा आनंदाने पाठवतात.