वाचकांचे प्रश्न: जुन्या स्पोर्टिंग रायफली, स्कोप आणि माउंटची डोकेदुखी

जुन्या कस्टम रायफलींबद्दल अमेरिकेतून बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार घेतोय.

प्रश्न: १९०३ स्प्रिंगफील्डवर (अमेरिकी लष्कराची जुनी रायफल) बांधलेली एक स्पोर्टर, म्हणजे शिकारीसाठी बदललेली रायफल, मिळतेय. अक्रोडाचा स्टॉक (लाकडी दस्ता), चेकरिंग (त्यावरची चौकटीची नक्षी) एकदम बारीक. डाव्या बाजूला साइड माउंटचा (स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बाजूने धरणारी पकड) बेस आहे पण वरचा भाग आणि स्कोप दोन्ही गायब. विकणारा म्हणतो ग्रिफिन अँड हाउची आहे. घेऊ का? स्कोप नंतर मिळेल ना?

उत्तर: स्कोप मिळेल हो, माउंटचं काय ते बोला! सगळे आधी स्कोपच्या मागे लागतात आणि मग अडकतात. लायमन अलास्कन, वीव्हर ३३० हे जुने स्कोप अजून बाजारात फिरतायत, पण त्या बेसवर सरकून बसणारा आणि लिव्हरने आवळायचा वरचा भाग सुटा शोधायला गेलात की दमछाक होते, आणि मिळाला तरी तो याच बेसवर घट्ट बसेल याची काही खात्री नाही कारण हे सगळं त्या काळी हाताने घासून जुळवलेलं असायचं. शिवाय स्कोपची नळी धरणाऱ्या रिंगांची मापं वेगळी. ३३० ची नळी ३/४ इंच, अलास्कनची ७/८, वीव्हरची के सिरीज १९४७ मध्ये आली ती १ इंचाची, आणि जुने जर्मन स्कोप २६ मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे वरचा भाग हाताला लागला तर आधी रिंग मोजा, मूळचा स्कोप कुठला असेल ते त्यावरून बरंच कळतं.

आता नावाचं. बेस ग्रिफिन अँड हाउचा आहे म्हणजे रायफल त्यांची असं अजिबात नाही, ते दुसऱ्यांच्या रायफलींवरही माउंट बसवून द्यायचे. कंपनी न्यूयॉर्कची, १९२३ ची. सीमोर ग्रिफिन मूळचा फर्निचर करणारा कारागीर, जेम्स हाउ धातूकामातला, आणि हाउ तर थोड्याच महिन्यांत बाहेर पडला, नाव मात्र राहिलं. १९३० मध्ये कंपनी अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच या खेळ-शिकारीचं सामान विकणाऱ्या दुकानाकडे गेली. ग्रिफिन अँड हाउने बांधलेल्या रायफलीवर सहसा बॅरलवर नाव आणि त्यांचा स्वतःचा नंबर असतो. तो दिसत नसेल तर 'त्या वळणाची' म्हणा आणि पैसेही तसेच द्या.

आणि सगळ्यात आधी रिसीव्हरचा (बोल्ट ज्यात बसतो तो रायफलीचा मुख्य धातूचा भाग) नंबर बघा. स्प्रिंगफील्ड आर्मरीचा ८,००,००० च्या खालचा किंवा रॉक आयलंड आर्सेनलचा (दोन्ही सरकारी कारखाने) २,८५,५०७ च्या खालचा असेल तर त्या रायफलीतून गोळी झाडायची नाही, कितीही देखणी असो. त्या काळी तापवलेल्या पोलादाचा रंग डोळ्यांनी बघून हीट ट्रीटमेंट ठरायची, काही रिसीव्हर ठिसूळ राहिले आणि फुटलेसुद्धा. भिंतीवर लावायला ठीक आहे.

प्रश्न: अलास्कन घेतला पण आतून धुरकट दिसतो आणि क्रॉसहेअर (नेम धरायच्या आडव्या-उभ्या रेषा) मधोमध नाही, एका कोपऱ्यात गेलाय. फसवलं का मला?

उत्तर: क्रॉसहेअरसाठी विकणाऱ्याला शिव्या देऊ नका. तेव्हाच्या बऱ्याच स्कोपमध्ये अ‍ॅडजस्टमेंट फिरवली की रेटिकलच (क्रॉसहेअरच) सरकायचं, त्यामुळे माउंट नीट बसला नसेल तर ते कडेला जाणारच. आधी अ‍ॅडजस्टमेंट मध्यावर आणा, मग उरलेला फरक माउंटमधून काढा. काही जुन्या जर्मन स्कोपमध्ये तर फक्त वरखाली करायची सोय होती, डावं-उजवं सगळं माउंटमधूनच.

धुरकटपणा दोन प्रकारचा असतो. नुसता थर चढला असेल तर साफ होतो. पण भिंगांच्या कडेला इंद्रधनुषी रंग किंवा पिवळट डाग दिसत असतील तर भिंगं चिकटवणारा कॅनडा बाल्सम नावाचा गोंद सुटतोय, ते काम जुने स्कोप दुरुस्त करणाऱ्यालाच द्या, घरी नळी उघडत बसू नका प्लीज. आणि हो, भिंगावर निळसर-जांभळी झाक असेल तर ते कोटिंग आहे, ते नागरी स्कोपवर सर्रास दिसायला लागलं दुसऱ्या महायुद्धानंतर. 'युद्धाआधीचा' म्हणून विकलेल्या स्कोपवर ती दिसली तर प्रश्न विचारा.

प्रश्न: युद्धाआधीची विंचेस्टर मॉडेल ७० आहे, मागच्या ब्रिजवर (रिसीव्हरच्या मागच्या कमानीवर) स्कोप बेससाठी भोकं नाहीत. गनस्मिथ म्हणतो दहा मिनिटांचं काम.

उत्तर: दहा मिनिटांचंच आहे, आणि संग्राहकाच्या दृष्टीने त्याच दहा मिनिटांत किंमत धाडकन खाली येते. स्टिथचे माउंट याच अडचणीसाठी होते, असलेल्याच भोकांचा आणि खाचेचा वापर करून बसायचे. ते शोधा. नाही मिळाले तर पीप साइटवर (बारीक भोकातून नेम धरायची साइट) वापरा, लायमन ४८ काय वाईट आहे?

प्रश्न: सी अँड आर (क्युरिओ अँड रेलिक, जुन्या संग्राह्य बंदुकांचं) लायसन्स काढलं की अशा सगळ्या रायफली दुसऱ्या राज्यातून थेट घरी मागवता येतात ना? पन्नास वर्षं तर कधीच उलटून गेलीत.

उत्तर: नाही! इथेच बरेच जण गडबडतात. पन्नास वर्षं उलटली की बंदूक सी अँड आर धरायची, हा नियम मूळ अवस्थेतल्या बंदुकीला आहे. कारखान्यातून आली तशीच राहिलेली जुनी मॉडेल ७० त्यात बसेल, पण लष्करी स्प्रिंगफील्ड किंवा माउझर कापून, नवा स्टॉक लावून स्पोर्टर केली असेल तर नुसत्या वयावर ती आपोआप बसत नाही, मग ते काम १९२५ चं का असेना. अशी रायफल नेहमीसारखी लायसन्सधारक डीलरमार्फतच घ्या. रिसीव्हर १८९८ किंवा त्याआधीचा असेल, काही क्रॅगचे (अमेरिकी लष्कराची त्याआधीची रायफल) असतात तसे, तर केंद्रीय कायद्यात ती अँटिक ठरते, पण राज्याचे नियम वेगळे असू शकतात ते आधी बघा. आणि डीलरकडून हातात आली की लगेच गोळी घालू नका, त्या काळी चेंबर (काडतूस बसतं ती जागा) मोठं करून बॅरलवर नवं कॅलिबर न कोरणारे गनस्मिथ होते, म्हणून आधी चेंबरचा ठसा काढून मोजून घ्या आणि हेडस्पेस (काडतूस चेंबरमध्ये अडतं तिथून बोल्टपर्यंतचं अंतर) तपासून घ्या.