'सान' कोणाला लावायचे नाही

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली साठ जपानी वाक्यांची यादी वाचली. प्रत्येक वाक्यापुढे मराठी अर्थ नेटका लिहिला आहेस, तरीही ती यादी आहे तशी पाठ करू नकोस असेच मी सांगेन, कारण यांतील बरीच वाक्ये केव्हा आणि कोणापुढे बोलायची हे कळल्याखेरीज त्यांचा अर्थ कळून काही उपयोग नाही, आणि तोच रकाना तुझ्या वहीत नाही.

'सुमिमासेन' हा शब्द घे. त्यापुढे तू 'क्षमा करा' असे लिहिले आहेस. उपाहारगृहात वाढणाऱ्याला हाक मारताना किंवा गर्दीच्या आगगाडीतून उतरायला वाट मागताना तो अर्थ चालून जातो. पण पडलेली छत्री कोणी उचलून हातात दिली, तरी जपानी माणूस पुष्कळदा 'आरिगातो' (धन्यवाद) न म्हणता 'सुमिमासेन'च म्हणतो. यात आपल्याला नवल वाटायला नको. शेजारच्या काकूंनी फराळाची बशी पुढे ठेवली की तुझी आई 'धन्यवाद' म्हणत नाही, 'अहो, कशाला एवढा त्रास घेतलात!' म्हणते. वहीत क्षमेशेजारी हे वाक्य लिहून ठेव.

उच्चारात मराठी माणसाला एक वरदान आहे, त्याचा लाभ घे. जपानी 'त्सु' अनेकांना जड जातो. आपण मात्र 'चूल' म्हणताना तोच आवाज सहज काढतो. प्रश्नार्थक वाक्याच्या शेवटी जपानीतही 'का' येतो आणि क्रियापदही आपल्यासारखेच अखेरीस असते, त्यामुळे वाक्याचा सांगाडा तुला परका वाटणार नाही. सांभाळायचे ते ऱ्हस्व-दीर्घ. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशी आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. चाळिशीतल्या बाईंपुढे 'बा' किंचित लांबला तर काय होईल, हे मी सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. जपानमधील एका कार्यालयात मी नुकताच रुजू झालो होतो. बाहेरच्या कंपनीतून दूरध्वनी आला आणि आमच्या विभागप्रमुखांची चौकशी झाली, तेव्हा मी त्यांच्या आडनावाला आपल्या 'राव'-'साहेबां'सारखे आदराचे 'सान' जोडून, ते बाहेर गेले असल्याचे आदरार्थी क्रियापदात सांगितले. आपण फार शिष्टाचाराने बोललो, अशी माझी समजूत होती. मी रिसीव्हर ठेवेपर्यंत शेजारचे सहकारी थांबले. मग त्यांनी एका चिठ्ठीवर ते आडनाव लिहिले, त्यापुढची 'सान'ची दोन अक्षरे शिसपेन्सिलीने खोडली आणि चिठ्ठी निमूटपणे माझ्याकडे सरकवली.

मराठीत आदर ज्याचा त्याला चिकटलेला असतो. 'बाबा आले आहेत' हे आपण आईला सांगतो तसेच पोस्टमनलाही सांगतो. जपानीत मात्र ऐकणारा कोण आहे यावर आदर ठरतो: घरात वडिलांना 'ओतोसान' म्हणायचे, पण परक्यापुढे त्यांचा उल्लेख 'चिचि' असा साधा करायचा; आईला 'ओकासान' म्हणायचे आणि बाहेर 'हाहा'. ऐकणारा बाहेरचा असला की आपले साहेबही आपल्या बाजूचे ठरतात आणि त्यांचे 'सान' गळते. तो दूरध्वनी ठेवून त्यांच्याशीच बोलायला वळलीस की ते परत येते. आपल्या बाजूला कमीपणा घेण्याची रीत मात्र आपल्याला ठाऊक आहे. 'एकदा गरिबाघरी या' असे म्हणणारे सगळेच काही गरीब नसतात. हीच लीनता जपानी माणसाने क्रियापदांत बसवली आहे. जेवणापूर्वी म्हणायचे 'इतादाकिमास' हे घेणे-स्वीकारणे या अर्थाच्या नम्र क्रियापदाचेच रूप आहे, म्हणून जेवायला बसणाऱ्याने ते म्हणायचे असते. वाढणाऱ्याने पाहुण्याला ते म्हणणे चुकीचे.

कार्यालयात संध्याकाळी इतरांच्या आधी निघताना 'ओसाकि नि शित्सुरेइ शिमास', म्हणजे 'तुमच्या आधी निघण्याची आगळीक करतो आहे', असे म्हणावे. उत्तरादाखल 'ओत्सुकारेसामा', म्हणजे 'फार श्रम घेतलेत', असे येते. तुझ्या यादीत त्याच अर्थाचे 'गोकुरोसामा' आहे, ते खोडून टाक. ते वरिष्ठाने कनिष्ठाला म्हणायचे असते. तसेच तुझ्या बोलण्यावर समोरचा 'हाइ, हाइ' (हो, हो) म्हणत राहिला तर तो राजी झाला असे धरून चालू नकोस. पुष्कळदा तो केवळ 'ऐकतो आहे' इतकेच सांगत असतो. उलट 'चोत्तो...' (जरा...) म्हणून वाक्य अर्धवट सोडले, तर तो बहुधा नकार असतो आणि तो पूर्ण करून घेण्याचा आग्रह धरू नये.

वाकून नमस्कार करण्याचे अंश मोजत बसू नकोस, पाहून पाहून जमते. भाताच्या वाटीत काड्या उभ्या खोचणे आणि आपल्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देणे, या दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळ. मृतासाठी ठेवलेल्या भातात काड्या उभ्या खोचतात, आणि दहनानंतर नातेवाईक अस्थी वेचतात तेव्हा त्या काड्यांनीच एकमेकांकडे देतात. अस्थिसंचयन ज्यांच्या घरी होते त्यांना याहून अधिक समजावण्याची गरज नाही.

जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची तुझी तयारी चालू राहू दे, पण त्या परीक्षेत बोलण्याची चाचणी नसते हे ध्यानात असू दे. एन ५ ही तिची सर्वांत सोपी पातळी उत्तीर्ण झालेल्यांची जीभ पहिल्याच भेटीत टाळ्याला चिकटलेली मी पाहिली आहे. म्हणून पुढच्या पत्रासोबत स्वतःची ओळख तुझ्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पाठव. तीन वाक्ये पुरेत: पहिल्या भेटीत म्हणायचे 'हाजिमेमाश्ते', मग 'म्हणतात' या अर्थाचे 'मोउशिमास' हे नम्र क्रियापद वापरून तुझे नाव, आणि शेवटी 'लोभ असावा' अशा अर्थाचे 'योरोशिकु ओनेगाइ शिमास'. स्वतःच्या नावाला 'सान' लावलेले ऐकू आले, तर ओळख पुन्हा मुद्रित करावी लागेल.

तुझा,
एक जुना शिक्षक