शुगर निघाली? आधी एवढंच करा

भाऊ, रिपोर्टवर एचबीएवनसी या रक्तातल्या साखरेच्या चाचणीचा ८.२ आकडा बघून झोप उडणारच. मला बारा वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात मी भात पूर्ण सोडला आणि आठव्या दिवशी चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) डब्यातून उभ्याउभ्या फस्त केल्या! तशी उपासमार करू नका.

सुरुवात ताटापासून. गोव्यात भात सुटत नाही, सोडूही नका. फक्त क्रम बदला. आधी अर्धं ताट तांबडी भाजी (लाल माठ), भेंडी, दोडकी. मग हुमणातली, म्हणजे आपल्या नारळाच्या कालवणातली, मासळी. भात शेवटी, एक वाटी. ‘उकडा तांदूळ आहे, चालतो’ म्हणत मी दोन वाट्या ओढायचो. घरच्या शुगर मोजायच्या मीटरने चोरी पकडली. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की दोन पावांऐवजी एकच पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, घ्या.

बाकी थोडक्यात:
- जेवणानंतर १५ मिनिटं चाला. पाऊस असेल तर घरातल्या घरात.
- आकडा सुधारला म्हणून गोळी मनाने बंद करू नका. तो गोळीमुळेही सुधारलेला असतो. गोळीऐवजी किरायत्याचा कडू काढा तर नकोच.
- घाम, थरथर आणि मीटरवर ७० च्या खाली? लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.
- डोळ्यांचा पडदा आणि पाय आत्ताच तपासून घ्या. दुखत नाही म्हणून ही तपासणी सगळे टाळतात, मीही टाळली होती.

एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, तेव्हा दर आठवड्याला लॅबमध्ये धावू नका. इन्सुलिन, कार्ब मोजणं वगैरे पुढचं पुढे बघू.