मुलीच्या रंगपेटीतून रणगाड्यावर चिखल

प्रश्न: १/३५ स्केलचा टी-३४ रणगाडा (छोटं मॉडेल) बनवलाय, हिरवा रंग झाला, पण अगदी शोरूममधून आणल्यासारखा दिसतोय. वेदरिंगचे (मॉडेल जुनं, मळलेलं दिसावं म्हणून लावायचे) इम्पोर्टेड वॉश, म्हणजे पातळ रंग, फार महाग पडतात. मुलीचे शाळेतले वॉटर कलर मारून बघितले तर पाण्याचे नुसते मणी होतात, रंग बसतच नाही. काय करू?

उत्तर: रंग बरोबर आहे हो, पृष्ठभाग चकचकीत असल्यामुळे पाणी गोळा होतंय. आधी मॅट वार्निश मारा, एक रात्र वाळू द्या, मग गडद तपकिरीत चिमूटभर काळा कालवा आणि त्यात काडीच्या टोकावर येईल एवढंच भांड्याचं लिक्विड टाका (जास्त टाकलंत तर फेस होतो आणि वाळल्यावर बुडबुड्यांचे गोल डाग राहतात, माझं एक टरेट, म्हणजे तोफेचा वरचा फिरता भाग, असंच गेलंय). हे मिश्रण रिव्हेटभोवती, झाकणांच्या फटीत सोडा, वाळलं की ओलसर इअरबडने वरून खाली पुसा, पावसाचं पाणी ओघळतं तसं, आडवं नाही. चुकलं तर ओल्या फडक्याने सगळं साफ, इनॅमलच्या (तेलकट रंगाच्या) वॉशला थिनर लागतो, इथे नळ पुरतो. चाकांना आणि ट्रॅकला पिवळट मातकट पोस्टर कलर घट्टसर थोपटा, तो अपारदर्शक असतो म्हणून सुकलेला चिखल छान दिसतो.

शेवटी मॅट वार्निश स्प्रेनेच मारा, लांबून, हलके थर. ब्रशने पाण्याचं वार्निश लावलंत तर केलेलं सगळं परत विरघळेल. आणि मुलीला नवी तपकिरी वडी आणून द्या, ती लगेच संपते.