वासरू आणि गहाणाचं पांघरूण

प्रश्न : बायबलच्या जुन्या करारातले संदेष्टे मूर्तिपूजेवर बोलता बोलता एकदम गरिबांच्या हालांवर येतात. हे दोन वेगळे विषय नाहीत का? आणि आमोस स्वतः गरीब होता म्हणून त्याला गरिबांचा एवढा कळवळा होता का?
– एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : संदेष्टा आमोस याच्या पुस्तकातल्या दुसऱ्या अध्यायातलं आठवं वचन काढा. लोक वेदीपाशी गहाणाच्या कपड्यांवर लोळतात आणि दंडापोटी उकळलेला द्राक्षारस देवाच्या घरात बसून पितात, असं तो म्हणतो. वेदी आणि सावकारी एकाच वाक्यात! बायबलमधल्याच निर्गम या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात तर स्पष्ट ताकीद आहे : गहाण घेतलेलं पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत करा, नाहीतर तो माणूस रात्री काय पांघरणार? त्याने गाऱ्हाणं घातलं तर देव ऐकेल.

हे नुसतं कागदावरचं नव्हतं. १९६० साली इस्राएलच्या किनाऱ्यावरच्या याव्ने-यामजवळच्या एका किल्ल्यात शाईने लिहिलेली खापरं सापडली. त्यातल्या एकावर यहूदातल्या (दक्षिणेकडच्या राज्यातल्या) एका कापणी करणाऱ्या मजुराचा अर्ज आहे, इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरचा. शोबायचा मुलगा होशायाहू याने माझं वस्त्र नेलं. माझं काम मी पुरं केलं होतं, उन्हात माझ्याबरोबर कापणी करणारे भाऊबंद साक्ष देतील, असं तो अधिकाऱ्याला विनवतो.

आता बेथेल, उत्तरेकडच्या इस्राएल राज्यातलं देवस्थान. तिथल्या पहिल्या यराबाम राजाने तिथे आणि दानला सोन्याची वासरं बसवली, कारण लोक यहूदाच्या राजधानीत, यरुशलेमला, गेले की मनानेही तिकडचेच होतील ही त्याला धास्ती. म्हणजे मुळातच ते सरकारी दैवत. पुढे इ.स.पू. आठव्या शतकात, दुसऱ्या यराबामाच्या भरभराटीच्या काळात, बेथेलचा याजक (पुजारी) अमस्या आमोसला सुनावतो की हे राजाचं पवित्रस्थान आहे. अशा ठिकाणी मजुराचं गाऱ्हाणं कोण ऐकणार? म्हणून मला हे दोन विषय वाटत नाहीत. होशेय हा दुसरा संदेष्टा या वासरावर तुटून पडतो. आमोस त्याचं नावही घेत नाही. त्याच्या पुस्तकात वासरं येतात ती गोठ्यातून थेट श्रीमंतांच्या पंगतीत! हस्तिदंती पलंगांवर लोळणारे हे लोक. इस्राएलची राजधानी शोमरोन, तिथल्या उत्खननात कोरीव हस्तिदंताचे तुकडे भरपूर निघाले आहेत, तेव्हा आमोस तिखटमीठ लावत नव्हता. शब्बाथ (विसाव्याचा दिवस) कधी संपतो आणि गहू कधी विकतो, अशी व्यापाऱ्यांना घाई. एफा (धान्याचं माप) लहान, शेकेल (वजन) जड, गव्हात भूस. मापात पाप म्हणतात ते हेच.

राहिला आमोसच्या गरिबीचा प्रश्न. तो यहूदातल्या तकोवाचा, मेंढरं राखणारा आणि उंबरांची निगा करणारा. पण ‘मेंढपाळ’ म्हणून त्याला जो शब्द वापरलाय, तोच २ राजे ३:४ मध्ये शेजारच्या मवाब देशाच्या राजालाही लावलाय, आणि तो राजा लाखाच्या हिशेबात कोकरं खंडणी देई. तेव्हा आमोसचे स्वतःचे कळपही असू शकतील. अमस्याने त्याला ‘यहूदात जा, तिथे भाकर खा’ म्हणजे तिकडेच संदेश देऊन पोट भर, म्हणून हाकललं, तेव्हा आमोसने उत्तर दिलं की संदेश देणं हा माझा धंदाच नाही.