डोमेन काढायचंय? आधी छेद बघ

अरे भाऊ, डोमेन म्हणजे लई अवघड काही नै, फक्त एक्सच्या जागी कोणते आकडे टाकले तर गणित अडत नै एवढंच शोधायचंय. छेद शून्य नको, रूटच्या आतलं मायनस नको, लॉगच्या आतलं शून्याहून मोठंच पाहिजे.

आता हे बघ, वर रूटमधी एक्स वजा २ आणि खाली एक्स वजा ५. रूट म्हणतंय एक्स २ किंवा त्याहून मोठा, छेद म्हणतोय ५ नको, मग दोन्ही अटी नंबर लाईनवर काढ, २ वर भरीव टिंब (म्हणजे चालतो), ५ वर पोकळ (म्हणजे नको), उत्तर डोळ्यासमोर येतंय. २ चालतो बरं का, रूट शून्याचा शून्यच. पण रूट छेदात असला की तो २ पण गेला!

लातूरला सीईटीची तयारी करताना माझे मार्क गेले ते इथं: एक्स वर्ग वजा ९ भागिले एक्स वजा ३. काटाकाटी केली, एक्स अधिक ३ उरलं, अन् लिहून टाकलं सगळे आकडे चालतात. चूक. ३ टाकला तर मूळ छेद शून्यच होतो, म्हणून डोमेन आधी काढ, काटाकाटी नंतर.