मीच सगळं करायले, अन् नाव सगळ्याचं

शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाची मुलं गटात काम करायला लागली की समुपदेशनात आमच्याकडे एक तक्रार हमखास येते. राबतो एक, नाव लागतं सगळ्यांचं. पालकांकडूनही येते, "आमची मुलगी रात्र-रात्र स्टुडिओत असते, बाकीचे काय करतात?" पुढचा अनुभव अशाच एका गटाचा आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

छत्रपती संभाजीनगरमध्ये शिकणारे पाच जण. विषय ऊसतोडीला निघालेलं बिऱ्हाड, म्हणजे चार माणसं आणि बैलगाडीचं एक चाक, खऱ्या आकाराच्या पाऊण मापात. आधी माती, मग प्लास्टरचा साचा, शेवटी फायबर. जानेवारीत शहरातच प्रदर्शन ठरलेलं, सोबत प्रत्येकाची दोन-तीन छोटी टेराकोटा शिल्पं. चारही चेहरे घडवणारी मुलगी बीड जिल्ह्यातली. ऑक्टोबरात ती समुपदेशनाला आली तेव्हा नखांत प्लास्टर होतं आणि तीन रात्री झोप नव्हती. पहिलं वाक्य हेच: "मीच सगळं करायले, अन् नाव सगळ्याचं लागणार."

निमित्त घडलं होतं साच्याच्या दिवशी. मोळी वाहणाऱ्या बाईच्या डोक्याचा आणि खांद्यांचा साचा तिने रात्री एकटीने घ्यायला घेतला. कारण "त्यांना सांगत बसण्यापेक्षा मीच करते". प्लास्टरचं काम एकट्याचं नाही. ४ लिटर पाण्याला साडेपाच ते सहा किलो प्लास्टर लागतं. ते मुठीमुठीने भुरभुरत पाण्यावर छोटं बेट उभं राहीपर्यंत सोडायचं, एक-दोन मिनिटं भिजू द्यायचं, मग हात तळाशी नेऊन बुडबुडे न होऊ देता ढवळायचं. त्यानंतर हाताशी दहा-पंधरा मिनिटं असतात. तेवढ्यात एकाने कालवायचं, एकाने ते मातीवर मारायचं, एकाने काथ्या भिजवून द्यायचा. ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी कोमट येतं, बादलीच्या कडेला आधीच्या घाण्याची खरपुडी असते, आणि या दोन्हींमुळे प्लास्टर आणखी लवकर धरतं. तिचं तेच झालं. नीळ घातलेला पहिला पातळ थर बसला, दुसरा घाणा बादलीतच दगड झाला. बादली फोडून साफ करेपर्यंत ती थकली आणि दुसरा थर सकाळी दिला. तोवर पहिला थर सुकला होता. सुकलेलं प्लास्टर ओल्या थरातलं पाणी शोषून घेतं आणि दोन्हींची पकड बसत नाही. साचा उघडला तेव्हा वरचं जाड कवच सुटून आलं आणि निळा थर चेहऱ्यावरच राहिला. तो काढताना नाकाचा तुकडा तिच्या तळहातावर आला, अंड्याच्या टरफलाएवढा जाड. खालची माती फाटलेली. तीन आठवड्यांचं काम गेलं.

गटातल्या एकाने म्हटलं, "तुला कुणी सांगितलं होतं एकटीने करायला?" दुसऱ्याने, ज्याची ही कल्पना मानली जात होती त्याने, वेरूळचा दाखला दिला. कैलास लेणं घडवणाऱ्यांची नावं कुठे आहेत? मग आपणच नावासाठी का भांडायचं?

हा दाखला आपल्या भागात फार चालतो, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. कैलास म्हणजे सोळा क्रमांकाचं लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं मानलं जातं. राजाचं नाव उरलं, हातांची नावं उरली नाहीत. ती उरली नाहीत म्हणजे त्या हातांना नाव नको होतं, असं कोणालाही म्हणता येणार नाही. दुसरं असं की ते लेणं एकाच बेसॉल्टच्या कड्यातून वरून खाली कोरत आणलंय. एकदा काढलेला दगड परत बसवता येत नाही. कुठल्या हाताने कुठे थांबायचं हे ठरल्याशिवाय असं काम उभंच राहत नाही. नेमकं तेच या गटात ठरलेलं नव्हतं.

पहिल्या बैठकीत कोण बरोबर, कोण चूक यात गेलो नाही. झोप, जेवण आणि जिवाचं काही बरं-वाईट करावं असं वाटतं का, हे आधी विचारलं. तसं वाटत असेल तर गटाचं भांडण बाजूला ठेवून लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही अशा वेळी लावता येतो. तिच्या बाबतीत तसं नव्हतं. थकवा होता आणि राग होता.

दुसऱ्या बैठकीला पाचही जण आले. प्रत्येकाला कोरा कागद दिला. एकूण कामापैकी आपलं काम किती टक्के, एवढाच आकडा लिहायचा, एकमेकांना न दाखवता. तिने ६० लिहिले. बाकीच्यांचे ४०, ३०, २५ आणि २०. बेरीज १७५. कोणी खोटं लिहिलं नव्हतं. मायकेल रॉस आणि फिओर सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हेच दाखवलं होतं. आपण केलेलं काम आपल्याला तपशिलासकट आठवतं, दुसऱ्याचं आपल्यासमोर घडलेलं तेवढंच, म्हणून वाट्यांची बेरीज शंभराच्या वर जाते. आकडे फळ्यावर लिहिल्यावर खोलीतला ताण खरंच उतरला. एवढा साधा प्रयोग कोणताही गट स्वतःहून करू शकतो.

मग कामांची यादी केली, आणि ती करायला दीड तास लागला. सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटलं ते प्रदर्शन बघणाऱ्या मुलाचं. "तो नुसता फोनवर असतो" अशी सगळ्यांची तक्रार. त्याने हॉलच्या दाराचं माप घेतलं होतं, तीन फूट रुंद. चाकाचा व्यास साडेतीन फूट, म्हणजे चाक उभं, कडेनेच आत न्यावं लागणार आणि गाडीच्या दांडीला सुटा जोड हवा. हे त्याने वेळेत सांगितलं नसतं तर शिल्प हॉलच्या दारात अडकलं असतं. सांगाडा करणाऱ्याने मोळीचा भार मानेवर येणार म्हणून मानेतून १० मिमीची सळई घेतली होती, माती घसरू नये म्हणून बाइंडिंग वायरने लाकडाच्या फुल्या टांगल्या होत्या. माती चढल्यावर सांगाडा दिसत नाही, म्हणून त्याचं कामही कोणाच्या डोळ्यांसमोर राहत नाही.

पाचवा मात्र खरोखर कमी करत होता. तेही झाकून ठेवलं नाही. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढणाऱ्या माणसांवर केलेले प्रयोग १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसं वाढतील तसा दर माणशी जोर कमी होत गेला. असं होतं त्याचं एक कारण ताळमेळ नसणं, दुसरं म्हणजे आपला वाटा वेगळा दिसत नाही हे माणसाला माहीत असणं. या मुलाच्या नावावर एकही काम पूर्णपणे नव्हतं, सगळीकडे तो "मदतीला". त्याला साचे आणि फायबरचं ओतकाम पूर्ण दिलं. त्यासोबत एक नियम पक्का सांगितला, तो जिवाशी संबंधित आहे: फायबरचं रेझिन घट्ट करणारी कोबाल्ट आणि हार्डनर ही रसायनं कधीही थेट एकत्र करायची नाहीत, भडका उडतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट पूर्ण मिसळायचं, मगच हार्डनर. दोन बाटल्या दोन वेगळ्या कपाटांत. पंधरा दिवसांनी तो वेळेवर यायला लागला होता.

कामाच्या तक्त्यात चार रकाने पुरतात: काम, मुख्य कोण, हाताखाली कोण, कधीपर्यंत. आम्ही पाचवा घालायला लावतो, "झालं म्हणजे काय". भांडणं बहुतेक तिथेच होतात. "हात झाला" म्हणजे एकाला आकार आला तरी झाला, दुसरीला नखं दिसेपर्यंत नाही. पाऊण मापात डोकं साधारण १७ सेंटिमीटर येतं, आणि हाताचा पंजा हनुवटीपासून कपाळाच्या वरपर्यंत पोचतो. असं कॅलिपरने मोजता येणारं काही लिहिलं की वाद निम्मे होतात. तिची आणखी एक सवय होती, दुसऱ्यांनी केलेले हात रात्री पुन्हा घडवायची. सकाळी येऊन आपलं काम बदललेलं पाहणाऱ्याला काय वाटत असेल, हे तिने कधी मनात आणलं नव्हतं. तोडगा आगकाडीचा निघाला. दुसऱ्याच्या मातीत काही खटकलं तर तिथे आगकाडी टोचायची, बोट लावायचं नाही. ज्याचं काम तो येऊन काडी काढतो किंवा बोलायला येतो. पहिल्या दिवशी बाईच्या डाव्या मनगटावर सात काड्या होत्या.

तिसऱ्या बैठकीला ती एकटी आली, आणि खरी गोष्ट तेव्हा निघाली. तिचे आई-वडील दरवर्षी दसऱ्यानंतर तोडीला जातात. तोडीच्या हिशोबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर. आई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, पण मोजली जाते अर्ध्या कोयत्यात. गटाला यातलं काही माहीत नव्हतं. ज्याची कल्पना मानली जात होती त्या, रेखाटन करणाऱ्या मुलाने फोटो बघून बाई काढली होती, मोळी थेट डोक्यावर. हिने मातीत मध्ये चुंबळ घातली. लुगड्याच्या धडप्याची, दोन पीळ आणि एक टोक आत खोचलेलं. चुंबळ आल्यावर मान सरळ झाली, हनुवटी किंचित आत गेली, डोळे समोर जमिनीवर आले. शिल्प तिथे उभं राहिलं. "कल्पना त्याची म्हणायलेत सगळे. चुंबळ कुणाची मग?"

तिचा राग लेबलवरच्या एका ओळीपुरता नव्हता. नावाशिवाय राबणं तिने घरात पाहिलं होतं. हे गटाला सांगायचं की नाही, हा निर्णय पूर्णपणे तिचा होता, आणि तो तिचाच राहू दिला. समुपदेशकाने किंवा शिक्षकाने अशी गोष्ट परस्पर फोडू नये. तिने आईबद्दल त्या मुलालाच सांगितलं, बाकीच्यांना नाही. पुढच्या आठवड्यात "कल्पना" या शब्दापुढे दोन नावं आली. बदल त्याने स्वतः सुचवला.

लेबल असं ठरलं: शिल्पाचं नाव, माध्यम, उंची-रुंदी-खोली, वर्ष. खाली पाच ओळी. कल्पना, सांगाडा, चेहरे आणि मातीकाम, साचा आणि ओतकाम, मांडणी आणि आयोजन. प्रत्येकीपुढे नावं, एकाहून जास्त असतील तिथे अकारविल्हे. एखाद्याने दोन कामं केली तर त्याचं नाव दोनदा येतं, त्यात संकोच नको. वाटे वेगळे काढता न येणारी अशी कृती १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संयुक्त कृती धरली जाते. म्हणून विकायची झाल्यास पाचही जणांची लेखी संमती घ्यायची, आधी साहित्याचा खर्च वळता करायचा, मग उरलेल्याचे वाटे, आणि ते वाटे विक्रीआधीच कागदावर. पैसे कमी देऊ शकणाऱ्याचं नाव खाली जात नाही, हेही त्याच कागदावर लिहून घेतलं. शेतकरी घरातली मुलं हे तोंडाने विचारत नाहीत.

दुसऱ्यांदा साचा घेताना तिघे होते. पाणी आदल्या रात्री माठात भरून ठेवलेलं. बाईच्या एका आकृतीला वाया गेलेलं धरून ३० ते ३५ किलो प्लास्टर लागलं. निळा थर धरला, पण ओलसर आणि खरखरीत असतानाच दुसरा चढला. या वेळी चेहरा पूर्ण सुटून आला.

प्रदर्शनाच्या दिवसांत एक प्रश्न प्रत्येक जण विचारणार, "हे कुणी केलं?" त्याचं उत्तर आधी मोठ्याने म्हणून बघायला लावलं. "आम्ही पाच जणांनी. चेहरे माझे, सांगाडा याचा." पहिल्या वाक्यात आम्ही, दुसऱ्यात मी, आणि लगेच आणखी एकाचं नाव. तिला दुसरं वाक्य जड गेलं, कल्पनावाल्याला पहिलं. हॉलमध्ये थांबायच्या पाळ्या तीन-तीन तासांच्या, दोघादोघांच्या ठेवल्या. तिला पूर्ण दिवस थांबायचं होतं, ते मान्य केलं नाही. दिवसभर आपल्या शिल्पापाशी उभं राहिलं की येणारा प्रत्येक शेरा अंगाला लागतो.

उरलेलं पटकन सांगण्यासारखं आहे. फायबरची शिल्पं जुन्या गोधड्यांत गुंडाळून टेम्पोने नेली. टेराकोटाचे पेडेस्टल साडेतीन फुटी, दोन शिल्पांत चार फूट वाट. प्रकाश वरून, एका बाजूने, साधारण ४५ अंशांत टाकला, कारण समोरून टाकलेला प्रकाश उठाव खाऊन टाकतो. आईला तिने तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर चुंबळ दाखवली. आई तेव्हा फडात होती.

तक्त्याची शेवटची ओळ बहुतेक गट लिहायला विसरतात: प्रदर्शनानंतर शिल्प कुठे? वसतिगृहाच्या खोलीत चार माणसं आणि एक चाक मावत नाही, आणि कॉलेजच्या आवारात उन्हात ठेवलं तर फायबरचा रंग उडतो. सांगाडा करणाऱ्या मुलाच्या वडिलांचं वाळूजला फॅब्रिकेशनचं दुकान आहे. मागच्या शेडमध्ये, लेबलसकट, बिऱ्हाड तिथे उभं आहे.